दोरगल्लीतली भिंत

९ फेब्रुवारी १९१२

चिमणीस अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र उन्हाळ्यात आलं होतं आणि आता थंडीसुद्धा सरत आली. मधे लिहायला बसलो होतो. एकदा दौत लवंडली. एकदा निम्मं पान झालं आणि बाहेर आरडाओरडा सुरू झाला, तो कागद कुठे गेला कोण जाणे. खरं म्हणजे काहीतरी बरं घडू दे, मग लिहू, असं म्हणत राहिलो. बरं घडायचं काही लक्षण दिसत नाही, म्हणून आता लिहितो. माझं अक्षर तुला माहीत आहे. शाळेला मी झेपलो नाही आणि मला शाळा. तुला आता दिसत नाही, तेव्हा तुझी सूनच वाचत असेल. तिला म्हणावं, दमानं वाच.

आपल्या अण्णांच्या दोन्ही मुलांनी दोरगल्लीत भिंत घातली. आडवी, बरोबर मधोमध, विटांची. अण्णा गेले ते सुटले. मी राहिलो बघायला.

धाकट्याची दोन बोटं गेली हे तुला मागे कळवलं होतं, पण कशी गेली ते लिहिलं नव्हतं. तू तर तिथेच वाढलीस, तुला आपलं काम ठाऊक आहे, पण सुनेला कळावं म्हणून सांगतो. गल्लीच्या एका टोकाला चाक. चाकाच्या आकड्यांना वाखाचे तीन पेड बांधलेले, ते गल्लीभर ओढून दुसऱ्या टोकाला नेलेले, मधे मधे लाकडी घोड्यांवर टेकवलेले. एकानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं पार त्या टोकाला पेडांमधे खाचांचा ठोकळा धरून उभं राहायचं, म्हणजे तिन्हींचा मिळून एक दोर वळत येतो. चाकाच्या घरघरीत हाक ऐकू जात नाही. म्हणून काही गुंता झाला की टोकावरच्यानं पेडाला हिसका द्यायचा. तो हिसका चाकावरच्याच्या हाताला कळतो आणि तो थांबतो. आपल्या आजोबांपासून असंच चाललंय.

त्या दिवशी चाकावर थोरला होता. पेडात गाठ आली, धाकट्यानं हिसका दिला आणि गाठ सोडवायला बोटं आत घातली. चाक थांबलंच नाही. धाकटा म्हणतो, "मी हिसका दिला, त्याला कळला, पण त्याला थांबायचं नव्हतं." थोरला म्हणतो, "हिसका आलाच नाही, ह्यानं दिलाच नाही, आळशी आहे तो." आदल्या दिवशी चाकाला वंगण कोणी घालायचं यावरून दोघांची जुंपली होती. तेवढ्यावरून धाकटा भर बाजारात सांगत सुटला की भावानं माझा हात कापला. मग थोरल्यानं त्याला न्हाव्याच्या दुकानातून ओढून बाहेर काढलं, अर्धी दाढी साबणात असताना. मग धाकट्यानं थोरल्याच्या डोक्यात मोगरी घातली. मग मागच्या आठवड्यात धाकट्याचा वाळत घातलेला वाख कोणीतरी पेटवला. थोरला शपथ घेतो की मी नाही. मला वाटतं त्याचा मेहुणा असावा, बायकोचा भाऊ, तो गाडीवान. पण माझं वाटणं कोण विचारतो?

माझी खोली नेमकी भिंतीला लागून. एक दार इकडे, एक तिकडे. सकाळी थोरल्याकडे जेवतो, वहिनीच्या हातचं; अण्णांमागे ती त्या लेकाकडेच असते. संध्याकाळी धाकट्याकडे. तो एकटा, लग्न नाही, जे शिजवतो त्याला नाव नाही. आणि दोघं विचारतात, "काय म्हणाला तो?" काही म्हणाला नाही म्हटलं तर म्हणतात, "काका, तुम्ही त्याच्या बाजूचे."

चिमणे, हे एकमेकांचा जीव घेतील. मला दुसरं काही नको, तू धाकट्याला तुझ्याकडे बोलावून घे. तुझा मुलगा मालधक्क्यावर कारकून आहे, तिथे दोर लागतातच. दोन बोटं कमी असली तरी दोर सांधण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. तो इथून गेला तर दोघंही जगतील.

उत्तर लगेच दे. मला झोप नाही.

तुझा
दादा


१७ फेब्रुवारी १९१२

दादास नमस्कार.

सून लिहिते आहे, मी सांगते आहे. तुझं पत्र तिनं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा तिला हसू आवरेना, ती साबणाची दाढी ऐकून. मी तिला रागावले. मग मलाही हसू आलं. हसू नाही तर काय करू? दोघांना मी मांडीवर घेऊन झोपवलंय.

धाकट्याला पाठव. माझ्या मुलाला विचारलं, तो नाही म्हणाला नाही, म्हणजे हो. पण त्याला सांग, आत्याच्या घरात भांडण घेऊन यायचं नाही. भांडण वेशीवर टाकायचं आणि मग उंबरा ओलांडायचा.

एक विचारते. तू त्या दिवशी कुठे होतास? गल्लीत होतास ना? मग हिसका दिला की नाही दिला, तुला दिसलं नाही? आणि वहिनी काय करते? त्या दोघांच्या एकेक कानाखाली वाजवायला तिचे हात मोडलेत का? मी असते तर भिंतीची पहिली वीट लावणाऱ्याच्या हातावरच दुसरी मारली असती.

तू मात्र उगीच मधे पडू नकोस. तू मधे पडलास की दोन्हीकडचे तुलाच तुडवतात. लहानपणापासून तेच.

चिमणी


६ मार्च १९१२

चिमणीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी धाकट्याला वाचून दाखवलं. म्हटलं, "आत्या बोलावते आहे, ऊठ, कपडे बांध." तो म्हणाला, "मी का जाऊ? बोटं माझी गेली आणि गावही मीच सोडू? त्याला जाऊ दे." मी समजावलं, पाया पडायचा बाकी राहिलो. गाढव तो गाढवच. अण्णांनी फार लाड केले त्याचे, मी तेव्हाच म्हणत होतो.

मी कुठे होतो विचारतेस. वाख विंचरत होतो, छपराखाली, पाठ गल्लीकडे. मला किंकाळी ऐकू आली, तेव्हा वळलो. मी काही पाहिलं नाही, हे मी शंभर जणांना सांगितलं. कोणाला पटत नाही. दोघांनाही वाटतं की काकानं पाहिलंय आणि दुसऱ्यासाठी लपवतोय. आणि वहिनी? तिच्या मनात काय आहे ते ती सांगत नाही. भांडी घासते, धुणं धुते, भिंतीकडे पाठ करून बसते.

आता धंद्याचं ऐक. दगडाच्या खाणीतला मुकादम आला होता. त्याला दगड उचलायच्या यारीसाठी लांब दोर हवा होता, सलग, सांध्याशिवाय. असा दोर या भागात फक्त आपल्या गल्लीत होतो, कारण एवढी लांब गल्ली दुसऱ्या कोणाची नाही. आता निम्म्या गल्लीत निम्माच दोर होणार. आणि थोरल्याकडे चाक आहे तर ठोकळा धरायला माणूस नाही, धाकट्याकडे ठोकळा आहे तर चाक नाही, त्यानं जुनं मोडकं कुठून तरी आणलंय, ते दर फेऱ्याला कण्हतं. मुकादम दोन्हीकडे हिंडला. म्हणाला, "तुम्ही दोघं बैलाच्या वेसणी वळा." आणि गेला. मला इतकी शरम वाटली म्हणून सांगू.

हे सगळं परवडलं असतं. पण पाच-सहा दिवसांपूर्वी काय झालं ते लिहिताना शाई सांडली, डाग पडलेत, माफ कर.

गाडीवानानं गाडी मुद्दाम धाकट्याच्या दारात उभी केली. धाकटा म्हणाला, काढ. गाडीवान म्हणाला, "पाच बोटांनी काढून दाखव." त्यावर थोरला हसला. एवढंच, हसला. धाकट्याच्या हातात वाख कापायची सुरी होती. थोरल्याचा डावा कान अर्धा लोंबत होता, चिमणे. मी माझं उपरणं दाबून धरलं, ते अजून भिजवून ठेवलंय, डाग जात नाही. डॉक्टरनं वरचा तुकडा काढूनच टाकला. शिपाई आला, चहा प्याला, लिहून घेतलं, गेला.

आणि धाकटा तेव्हापासून बेपत्ता आहे. दार उघडं, चूल विझलेली, भांड्यात तसंच करपलेलं काहीतरी. थोरला अंथरुणावरून म्हणतो, "कुठेही जाऊ दे, मी त्याला शोधून काढीन." गाडीवान रोज गाडी घेऊन चारी रस्ते फिरतो, आणि कशासाठी ते मला विचारू नकोस.

मी रोज नदीपर्यंत जाऊन येतो. पाण्यात बघतो. काय बघायला जातो ते माझं मलाच म्हणवत नाही. तो गाढव आहे, तापट आहे, पण लहानपणी माझ्याच पाठुंगळीवर असायचा, चाकापासून टोकापर्यंत आणि परत. तो जिवंत आहे का एवढं कळलं तरी मला पुरे.

तुझ्याकडे आलाय का? आला असेल तर लपवू नकोस.

दादा


१५ मार्च १९१२

दादास नमस्कार.

इथे कोणी आलेलं नाही. सून लिहिते आहे.

तू नदीवर जाऊ नकोस. पाय घसरला तर तुलाच शोधायला लागेल. असली माणसं नदीत जात नाहीत, दुसऱ्यांना नदीत घालवतात. तो कुठेतरी असेल, खात असेल, पीत असेल. मला आतून वाटतं. तू स्वस्थ बस.

इकडे सगळं ठीक. अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी तुटली होती, ती आता छान सांधली आहे, सांधा कुठे आहे ते हाताला लागत नाही. एक विचारायचं होतं. शेजारी एक जण आहे, त्याचं बोट जुनं तुटलेलं आहे, खुंट राहिलाय, तो थंडीवाऱ्यात ठणकतो आणि मधेच चिघळतो. तुम्ही गल्लीत अशा जखमेला काय लावायचात? अण्णा काहीतरी करायचे, मला आठवत नाही.

थोरल्याचा कान भरला का? ताप आला का त्याला? हे मी विचारते आहे, दुसरं कोणी नाही.

आणि हे बघ, तू पत्रं लिहितोस ती टपालात टाकायला कोणाच्या हाती देत नाहीस ना? स्वतः जाऊन टाक. गाडीवानाच्या गाडीवर तर मुळीच देऊ नकोस.

चिमणी


२ एप्रिल १९१२

चिमणीस आशीर्वाद.

तुझ्या शेजाऱ्याला सांग, खुंटाला मेण आणि तेल कोमट करून लावायचं आणि मऊ वाखाची चुंबळ बांधायची. चिघळलं असेल तर आधी मिठाच्या पाण्यानं धुवायचं, ओरडला तरी सोडायचं नाही. शेजाऱ्यांची काळजी करायला तुला वेळ आहे, बरं आहे. इथे माझ्या पुतण्याचा पत्ता नाही आणि तू मला दोऱ्यांच्या गोष्टी सांगतेस. राग मानू नकोस, डोकं ठिकाणावर नाही.

थोरल्याचा कान भरला, ताप उतरला. आता तो फेटा एका बाजूला ओढून बांधतो.

आता जे लिहितो ते नीट ऐक. मला वाटलं होतं की हे कळलं की सगळं मिटेल.

परवा वहिनी धुणं घेऊन बसली होती आणि कुरकुरत होती. म्हणाली, "भिंतीनं ऊन अडवलं, मेलं एक कांबळं वाळत नाही. पूर्वी कसं, पेड ओढलेले असले की मधल्या घोडीपाशी टाकून द्यायचं, दुपारपर्यंत खडखडीत."

मी म्हटलं, "वहिनी, ओढलेल्या पेडांवर कांबळं?"

"मग? मधल्या घोडीपाशी कोणाला अडचण होते? अण्णा होते तेव्हा ओरडायचे. तुमच्यातलं कोणी कधी काही बोललं नाही, म्हणून टाकत होते."

"त्या दिवशी टाकलं होतंत?"

ती विचार करत बसली. मग म्हणाली, "हो. मोठं, काळं. जड झालं होतं, पिळलं नव्हतं." आणि मग तिचं तिलाच कळलं. हातातली बादली तिनं हळूच खाली ठेवली.

मी लगेच धाकट्याच्या ओस पडलेल्या बाजूला गेलो. त्याच्या मोडक्या चाकावर पेड ताणले, मधे तेच काळं कांबळं भिजवून टाकलं, आणि शेजारच्या कुंभारणीला म्हटलं, टोकाला जाऊन हिसका दे. तिला वाटलं म्हातारा भ्रमिष्ट झाला, पण दिला. माझ्या हाताला काही कळलं नाही. कांबळं नुसतं डुललं. हिसका त्या कांबळ्यातच जिरला. काढलं, पुन्हा द्यायला सांगितलं, तर माझा हात झटक्यानं उडाला.

चिमणे, मी भर दुपारी रडलो. दोघंही खरं बोलत होते! एकानं हिसका दिला होता आणि दुसऱ्याला कळला नव्हता. कोणाचंच काही चुकलं नव्हतं. एवढ्यासाठी डोकी फुटली, वाख जळला, कान गेला.

तसाच धावत थोरल्याकडे गेलो. सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मला वाटलं आता उठेल, भिंत पाडायला पहार घेईल. त्यानं फेटा काढला, तो अर्धा कान माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "बरं. बोटं कांबळ्यानं नेली. कान कोणी नेला?"

मी म्हटलं, "अरे, पण त्याला वाटत होतं की..."

"आणि वर्षभर मला बाजारात हातकाप्या म्हणत होता, तेही कांबळंच का? काका, तुम्ही आता आईच्या गळ्यात घातलंत हे. शाबास. घरात एवढं एक माणूस राहिलं होतं ज्याच्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं." असं म्हणून त्यानं मला दंडाला धरून पायरीवरून खाली सोडलं. ढकललं नाही, सोडलं, पण गुडघा खरचटलाच.

वहिनी तेव्हापासून जेवत नाही. पाणी पिते. मला बघून म्हणते, "भावजी, तुम्ही विचारायलाच नको होतं." मी काय वाईट केलं? मला एक सांग, खरं सांगणं वाईट का? तू म्हणालीस मधे पडू नकोस, तर मी मधे पडलो नव्हतो, मी मधेच राहतो!

धाकटा कुठे आहे कळलं असतं तर आधी त्याला सांगितलं असतं. त्याच्या मनातलं तरी निघून गेलं असतं की भावानं मुद्दाम केलं. तो असाच हे डोक्यात घेऊन कुठेतरी मेला तर?

काहीतरी सुचव. मला सुचत नाही.

दादा


१० एप्रिल १९१२

दादा,

आधी मला शिव्या दे आणि मग पुढे वाच. धाकटा इथेच होता. कान कापला त्याच्या तिसऱ्या दिवशी मालगाडीतून आला, हात सुजलेला, अंगात ताप. मी तुझ्यापासून लपवलं, कारण तुझ्या पोटात तीळ भिजत नाही. थोरल्यानं किंवा त्या गाडीवानानं तुला दोनदा दरडावलं असतं की तू सांगून बसला असतास. शेजारी म्हणून ज्याला तू मेण लावायला सांगितलंस तो तोच. मिठाच्या पाण्यानं धुतलं तेव्हा ओरडला, मी सोडलं नाही.

आणि हेही ऐक. तुझी पत्रं मला तोच वाचून दाखवत होता. सून सकाळी कामात असते. तू त्याला गाढव म्हटलंस ते त्यानं मोठ्यानं वाचलं. नदीवर जातोस ते मात्र त्यानं गाळलं. नंतर सुनेनं वाचून दाखवलं तेव्हा मला कळलं की एवढा परिच्छेद तो खाऊन गेला होता.

तुझं कांबळ्याचं पत्र काल आलं. तो वाचत होता आणि मधेच थांबला. मी म्हटलं, पुढे वाच. तो म्हणाला, "पुढे काही नाही." मग सुनेनं कागद घेतला. तो भिंतीला टेकून बसला होता, खुंटावर अंगठा घासत. मी म्हटलं, "अरे, झालं ना आता? डोक्यातून काढ." तो म्हणाला, "आत्या, काकाला काहीही वाटतं. मला स्वतः बघायचंय. तो चाकावर, मी टोकाला, तेच कांबळं." मी म्हटलं, "आणि त्याचे उरलेले दीड कान आणि तुझी उरलेली आठ बोटं?" तो हसलासुद्धा. मला वाटलं निवळला.

आज सकाळी अंथरूण रिकामं. मुलाच्या ओळखीनं मालगाडीत बसला. हे पत्र तुला मिळेल तोवर तो पोचलाही असेल.

दादा, तो माफी मागायला आला आहे की दुसरा कान न्यायला, मला खरंच माहीत नाही. त्यालाही माहीत नसावं. त्याला गल्लीच्या बाहेरच गाठ. गाडीवानाला कळायच्या आत गाठ. मी म्हातारी इथे हात चोळत बसले आहे.

चिमणी


१४ एप्रिल १९१२

चिमणीस,

तुझं पत्र आज आलं. तो काल आला होता. तुला शिव्या द्यायला मला वेळ नाही, नंतर देईन.

काल सकाळी मी खोलीत वात वळत होतो तर धाकटा त्याच्या बाजूच्या दारानं आत आला. मी त्याला हात लावून बघितलं. तो म्हणाला, "नदीत नव्हतो, काका." आणि मग म्हणाला, "कांबळं कुठे आहे?"

वहिनी तिकडच्या दारातून आली. त्याला बघून तिनं डोळ्यांना पदर लावला नाही की जवळ गेली नाही. सरळ थोरल्याकडे गेली. भिंतीतून मला ऐकू आलं. ती म्हणाली, "तो आलाय. एकदा चाकावर बस. एकदाच. मग हवं तर दोघं एकमेकांना चावून खा, मी आडवी येणार नाही." इतके दिवस धड न जेवलेली बाई, पण आवाज अण्णांच्या वेळचा.

थोरला चाकावर बसला. मी पहारीनं भिंतीतल्या विटा काढल्या, पेड जातील एवढ्या. दोघं एकमेकांना दिसत नव्हते. कांबळं टाकायला वहिनी तयार होईना, तिचे हात पुढे येत ना, मग मीच टाकलं, ओलं, न पिळता. धाकट्यानं बोटांऐवजी पेडात काठी घातली.

चाक फिरायला लागलं. मी भोकापाशी उभा होतो, मला दोन्ही बाजू दिसत होत्या. धाकट्यानं हिसका दिला. चाक चाललं. पुन्हा दिला. चाक चाललं. पुन्हा दिला, सगळ्या अंगानं, आणि थोरला तसाच फिरवत होता, मान खाली घालून, डोळे मिटून, सगळं लक्ष हातात. मग काठी मोडली. ती मोडल्याचा आवाज मात्र भिंतीपलीकडे गेला. चाक थांबलं.

थोरल्यानं तिथूनच विचारलं, "दिलास?"

"तीनदा."

"आला नाही."

"हं."

वर्षभरात दोघं पहिल्यांदा एकमेकांशी शिवी न घालता बोलले, ते एवढंच. वहिनी खाली बसली. थोरला म्हणाला, "कान दुखत नाही आता. थंडी नसली की." धाकटा भोकाकडे आला. मला वाटलं आता काहीतरी म्हणेल. तो म्हणाला, "तोंड धुऊन येतो," आणि मागच्या दारानं परसातल्या हौदाकडे गेला.

मी मूर्ख. मी त्याच्या मागे जायला हवं होतं. गाडीवानाला कोणीतरी सांगितलं होतं. तो हौदाशी दोन माणसं घेऊन उभा होता. धाकट्याच्या कपाळावर काठी बसली त्याचा आवाज मी ऐकला. थोरल्यानंही ऐकला. त्यानं चाकाची लोखंडी मूठ उपसली आणि गल्लीला वळसा घालून धावला, मी एवढ्या वर्षांत त्याला तसं धावताना पाहिलं नाही. त्यानं मूठ घातली ती आपल्या मेहुण्याच्या हातावर, हाड मोडलं, गाडीवान अजून ओरडतोय, आणि थोरल्याची बायको माहेरी निघून गेली.

पण चिमणे, धाकट्यानं काय पाहिलं? रक्त डोळ्यांत उतरलेलं, समोर काठ्या, आणि त्यांच्या मागून लोखंडी मूठ उगारून धावत येणारा भाऊ. तेवढंच पाहिलं. मूठ कोणावर पडली ते बघायला तो थांबलाच नाही. हौदाच्या कठड्यावरून उडी मारून पळाला. थोरला मागे धावला, "थांब, थांब" म्हणत, आणि तो जितका ओरडला तितका धाकटा जोरात पळाला. मी ओरडलो तर माझा आवाज माझ्या पायांच्या पुढे जाईना. रेल्वेच्या रुळांपर्यंत रक्ताचे थेंब आहेत, पुढे खडी आहे, पुढे काही दिसत नाही.

त्याला वाटतंय की चाकावर बसवणं, भोकातून बोलणं, सगळं त्याला गुंतवून ठेवण्यासाठी होतं. मी पण त्यात होतो असं वाटत असेल. माझ्याच खोलीतून आला होता ना.

तो तुझ्याकडेच येणार, दुसरीकडे कुठे जाईल? आला की आधी त्याला सांग, मग जखम धू. सांग की ती माणसं थोरल्यानं आणलेली नव्हती. सांग की मूठ गाडीवानावर पडली. त्याला पटणार नाही, तरी सांग, रोज सांग. पत्र त्याच्या हातात वाचायला देऊ नकोस, तो नको ते गाळतो. सुनेला वाचायला लाव, त्याला समोर बसवून.

थोरला आत्ता माझ्या मागे उभा आहे. म्हणतो, आत्याला लिहा, तो आला असेल तर त्याला म्हणावं... पुढे काय लिहू विचारलं तर माझ्यावरच खेकसला, म्हणाला, तुम्हाला कळत नाही का काय लिहायचं? मला कळत नाही. तुला कळलं तर तू सांग त्याला.

हे पत्र मी स्वतः टाकायला निघालो आहे. वहिनी म्हणते, उत्तर येईपर्यंत घास घेणार नाही. आला असेल तर आला म्हणून लिही, नसेल तर नाही म्हणून लिही, या वेळी काही लपवू नकोस, पण लवकर लिही. तार करता आली तर तारच कर.

दादा